उन्हाळ्यात दुपारी खाद्य बंद, रात्री लाईट: तीन बॅच काढल्यावरचा अनुभव

मंगळवेढ्याकडं माझं 3000 ब्रॉयलर (मांसासाठीच्या) कोंबड्यांचं ओपन शेड आहे, वर पत्रा, खाली भाताचं तूस, कंपनीचं काँट्रॅक्ट नाही, बॅच स्वतःचीच. मागच्या मे महिन्यात एका दुपारी 140 पक्षी गेले, 36 दिवसांचे, विक्रीला आलेले. उचलून टाकताना हाताला लागलं की प्रत्येकाच्या गळ्यातली पिशवी खाद्यानं गच्च भरलेली. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती गार होते, आणि खाल्लेलं पचताना अंगात आणखी उष्णता तयार होते, म्हणजे सकाळी उशिरा पोटभर चारून मीच त्यांना ऐन दोनच्या उन्हात अडकवलं होतं. ते अजून डोक्यातून जात नाही.

यंदा फेब्रुवारी ते जून तीन बॅच काढल्या. तीन आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना सकाळी साडेनऊला फीडर दोरीनं वर, संध्याकाळी साडेपाचला खाली, पाणी मात्र एक मिनिट बंद नाही. रात्री नऊ ते एक पूर्ण अंधार, मग टायमरनं एकला लाईट लागते आणि गारव्यात पक्षी मन लावून खातात. छोट्या पिल्लांना हे करू नका.

पहिल्या बॅचला एक चूक झाली, संध्याकाळी फीडर एकेक करून सोडले, उपाशी पक्षी पहिल्यावरच तुटून पडले, पाठी ओरबाडल्या आणि सात-आठ दबून मेले. आता मी आणि आमची मंडळी दोन्ही टोकांनी एकदमच सगळे सोडतो, फीडरही वाढवले.

फीडमिलवाल्याला सांगून फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, तेल थोडं वाढवलं, कारण मक्यापेक्षा तेल पचताना उष्णता कमी होते, आणि प्रोटीन जरा उतरवून लायसिन-मिथिओनिन ही गरजेची अमिनो आम्लं सांभाळली. धापेनं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्याची भरपाई म्हणून दुपारच्या पाण्यात खायचा सोडा, लिटरला एक ग्रॅम. व्हिटॅमिन सी पहाटेच्या पाण्यात, सोड्याबरोबर अजिबात नाही, सोड्याच्या पाण्यात ते टिकत नाही. पण खरं सांगू का, पावडरीपेक्षा वेळापत्रकानंच जास्त काम केलं, आणि टाकीवर ओलं पोतं टाकल्यानं, कारण तापलेलं पाणी पक्षी पीतच नाहीत, मग त्यात काय कालवलंय त्याला अर्थ नाही.

तीन बॅच मिळून उन्हानं 31 गेले. वजन 38 दिवसांला हिवाळ्यापेक्षा शंभरेक ग्रॅम कमीच भरलं, ते मान्य. रात्रीचं वीजबिल वाढलं आणि लाईट गेली की टायमर मागं पडतो, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला.

जूनच्या दमट ढगाळ दिवसात मात्र फॉगर (पाण्याचं बारीक धुकं फवारणारे नोझल) चालू ठेवू नका. माझ्या तिसऱ्या बॅचला तूस ओलं झालं, धापा उलट वाढल्या, फॉगर बंद करून नुसते पंखे लावले तेव्हा कुठं अर्ध्या तासात पक्ष्यांनी चोची मिटल्या.