अ‍ॅनेक्सिन–पीआय किट: बेळगाव भागातल्या प्रयोगशाळांनी घ्यावं का?

औषध दिल्यावर कर्करोगाच्या पेशी कमी उरल्या, एवढं सांगायला एमटीटी चाचणी पुरते. त्या कशा मेल्या हे सांगायचं तर पेशीपटलातल्या लिपिडांकडे, म्हणजे मेदासारख्या रेणूंकडे, बघावं लागतं. त्यासाठी सगळीकडे वापरलं जाणारं साधन म्हणजे अ‍ॅनेक्सिन व्ही–एफआयटीसी आणि पीआय यांचं किट. पहिलं हिरवं चमकणारं प्रथिन, दुसरा म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड हा लाल चमकणारा रंग. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या ज्या विद्यार्थ्यांना सह्याद्रीतल्या वनस्पतींचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. किट घेण्यासारखं आहे. पण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, आणि आपल्याकडे त्याच्यावर नको तेवढी भिस्त ठेवली जाते.

धडधाकट पेशीत फॉस्फेटिडिलसेरीन हे लिपिड पटलाच्या आतल्या थरात असतं. एटीपी११सी सारखी प्रथिनं बाहेर आलेला रेणू पुन्हा आत ओढून घेतात. अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा आतूनच ठरवून झालेला मृत्यू, सुरू झाला की कॅस्पेस नावाची एन्झाइमं एटीपी११सीला कापून निकामी करतात आणि त्याच वेळी एक्सकेआर८ या दुसऱ्या प्रथिनाला कापून चालू करतात. मग दोन्ही थरांतली लिपिडं सरमिसळ होतात आणि फॉस्फेटिडिलसेरीन बाहेर दिसू लागतं. अ‍ॅनेक्सिन त्याला चिकटतं, पण कॅल्शियम असेल तरच. पीआय फक्त पटल फाटलेल्या पेशीत शिरतं. म्हणून नुसतं अ‍ॅनेक्सिन दिसलं तर सुरुवातीचा अपॉप्टोसिस, दोन्ही दिसली तर उशिराची अवस्था, असं वाचतात.

कृती अवघड नाही. पेशी थंड पीबीएसने (फॉस्फेट घातलेल्या सलाइनने) दोनदा धुवायच्या आणि बाइंडिंग बफरमध्ये मिलिलिटरला १० लाख या हिशेबाने मिसळायच्या. बफर म्हणजे १० मिलिमोलर हेपीस, १४० मिलिमोलर मीठ आणि २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.४. त्यातले १०० मायक्रोलिटर घेऊन अ‍ॅनेक्सिन आणि पीआय प्रत्येकी ५ मायक्रोलिटर घालायचं, अंधारात १५ मिनिटं २५ अंशांना ठेवायचं, वर ४०० मायक्रोलिटर बफर ओतायचा आणि तासाभरात फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, वाचायचं. माहितीपत्रकात लिहिलेलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे एप्रिल-मे मधली आपली खोली नव्हे. एसी नसेल तर वॉटर बाथ २५ अंशांवर ठेवा.

बिघडतं ते बहुतेक वेळा ताटलीला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवताना. ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं. ते नीट धुतलं गेलं नाही तर अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही आणि औषध निकामी आहे असा निष्कर्ष निघतो. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर उलटं होतं, पटलालाच इजा होऊन औषध न दिलेल्या पेशीही चमकतात. अ‍ॅक्युटेज हे पेशी सोडवणारं सौम्य द्रावण परवडत असेल तर तेच वापरा. तरंगणाऱ्या पेशी माध्यमासोबत ओतून देण्याची सवय तर फारच महागात पडते, कारण मेलेल्या पेशी त्यातच असतात. डाग (चमकणारे रंग) देण्याआधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नमुनाही उपयोगाचा नाही. पटलाला भोकं पडतात, सगळंच चमकतं.

तासाभराची अट इथे खरी अडचण आहे. सायटोमीटर धारवाडला असेल तर ७५ किलोमीटरच्या प्रवासात डाग दिलेला नमुना वाया जातो. जिवंत पेशींचा फ्लास्क माध्यमाने काठोकाठ भरून न्या आणि तिथे डाग द्या, किंवा हेच किट फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली वापरा. आकडे कमी मिळतील, पण खरे मिळतील.

वनस्पतींच्या अर्कांबाबत मात्र फार जपून. रिठा, शिकेकाई यांच्यासारख्या झाडांतली सॅपोनिनं पटलातल्या कोलेस्टेरॉलला धरून सरळ भोकं पाडतात. त्या भोकांतून अ‍ॅनेक्सिन आत जातं, आतल्या थरातल्या फॉस्फेटिडिलसेरीनला चिकटतं, पीआयही शिरतं, आणि सायटोमीटरच्या आलेखात ठिपके उजव्या वरच्या, म्हणजे दोन्ही रंगांच्या, चौकटीत जाऊन बसतात. अहवालात मग ‘उशिराचा अपॉप्टोसिस’ लिहिलं जातं. खरं तर पेशी साबणाने फुटावी तशी फुटलेली असते. हे ओळखायला महाग काही लागत नाही. सलाइनमधल्या २ टक्के लाल रक्तपेशींत अर्क घाला, ३७ अंशांना तासभर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा. वरचं पाणी लाल झालं तर अर्क पटल फोडतोय. लाल पेशीत केंद्रकच नाही, तेव्हा डीएनएवर परिणाम झाला म्हणायलाही जागा उरत नाही. जोडीला ३०, ६०, १२० मिनिटांची वाचनं घ्या. खऱ्या अपॉप्टोसिसमध्ये आधी नुसत्या अ‍ॅनेक्सिनच्या पेशी दिसतात, पीआय मागून येतं.

खरा अपॉप्टोसिस कसा दिसतो याच्या तुलनेसाठी जर्काट या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना ४ ते ६ मायक्रोमोलर कॅम्प्टोथेसिन ४ ते ६ तास द्या. हेच रसायन सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात आहे. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्यातून वेगळं केलं आणि मग त्या झाडाची अमाप तोड झाली. शुद्ध रसायन विकत मिळतं, झाडाला हात लावायची गरज नाही. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम असेल तर त्यांत कॅस्पेस-३ नसतो, हे ध्यानात ठेवूनच आकडे वाचा.

औषध स्वतःच चमकत असेल तर हे किट घेऊच नका. डॉक्सोरुबिसिन ४८० नॅनोमीटरला उजळून पीआयच्या पट्ट्यात चमकतं, हळदीतलं कर्क्युमिन एफआयटीसीच्या. तिथे अ‍ॅनेक्सिन–एपीसी आणि डॅपी ही वेगळ्या रंगांची जोडी घ्यावी, त्यासाठी यंत्रात लाल आणि जांभळा असे दोन्ही लेझर हवेत.

किटच्या कक्षेबाहेरची गोष्ट म्हणजे फेरॉप्टोसिस. २०१२ मध्ये नाव मिळालेल्या या मृत्यूत पटलातली बहुअसंतृप्त मेदाम्लं लोहामुळे ऑक्सिडाइज होतात. एसीएसएल४ हे प्रथिन ती मेदाम्लं पटलात बसवायला मदत करतं, जीपीएक्स४ हे दुसरं प्रथिन झालेलं नुकसान दुरुस्त करतं, आणि आरएसएल३सारखं औषध जीपीएक्स४लाच बंद पाडतं. अशा पेशीही शेवटी दोन्ही रंगांत चमकतात, किटला फरक कळत नाही. म्हणून औषधाच्या तासभर आधी एका नळीत कॅस्पेस रोखणारं झेडव्हॅड (२० मायक्रोमोलर) आणि दुसरीत फेरॉप्टोसिस रोखणारं फेरोस्टॅटिन-१ (१ मायक्रोमोलर) घालाच. पहिल्याने पेशी वाचल्या तर कॅस्पेसचा मार्ग, दुसऱ्याने वाचल्या तर फेरॉप्टोसिस. लिपिडं ऑक्सिडाइज झाली का हे दाखवणारा सी११-बोडिपी हा रंग (२ मायक्रोमोलर) वेगळ्या नळीत लावा. त्याचा ऑक्सिडाइज झालेला हिरवा रंग एफआयटीसीवरच पडतो.

ओलेइक आम्ल (शेंगतेलातलं एक मेदाम्ल) दिलेल्या पेशी फेरॉप्टोसिसला दाद देत नाहीत, हे तपासलेलं आहे. त्यावरून शेंगतेल बरं की करडईचं, असा प्रश्न इकडे हमखास येतो. पेशीच्या ताटलीतलं उत्तर जेवणाच्या ताटाला लावू नये, रुग्णाच्या तर मुळीच नाही. प्रयोगात मात्र याचा अर्थ थेट आहे: पेशींच्या माध्यमात घालायच्या सीरमची बाटली बदलली की लिपिडं बदलतात आणि त्याच औषधाचा आकडाही बदलू शकतो. एक अभ्यास एकाच लॉटच्या सीरमवर पूर्ण करा.

खरेदी करताना छोटा पॅक मागा आणि पार्सल सोमवारी निघेल असं विक्रेत्याकडून लिहून घ्या. शुक्रवारी पुण्याहून किंवा बेंगळुरूहून निघालेलं खोकं रविवारी कुठल्या तरी गोदामात पडून राहतं. अ‍ॅनेक्सिन २ ते ८ अंशांतच राहायला हवं, गोठवायचं नाही. जेलपॅक कोमट लागला तर खोकं उघडतानाच फोटो काढा, आणि सही करण्याआधी बदलून मागा.