सी ड्राइव्हमधलं 'ड्रायव्हर्स' फोल्डर: आठ महिन्यांनंतर

लॅपटॉपच्या स्क्रीनबद्दल, बॅटरीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लिहायचंय ते कारखान्यातूनच हार्ड डिस्कवर आलेल्या एका फोल्डरबद्दल. खोक्यात सीडी नव्हती, पुस्तिका म्हणजे एक घडीचा कागद. सी ड्राइव्हमध्ये 'ड्रायव्हर्स' नावाचं ४ जीबीचं फोल्डर दिसलं. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपचा एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. जागा मोकळी करताना ते उडवणारच होतो, पण आधी उघडून बघितलं. वायफाय, ऑडिओ, टचपॅड, चिपसेट, स्टोरेज अशी वेगवेगळी फोल्डर्स, आणि शेजारी 'मॅन्युअल्स'मध्ये दोन पीडीएफ.

चौथ्या महिन्यात विंडोज कोरं टाकायला घेतलं. त्याआधी हे सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं, तेच कामी आलं. इन्स्टॉल करताना 'कुठल्या डिस्कवर टाकू' ही यादीच रिकामी! इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्टोरेज व्हीएमडी या इंटेलच्याच डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेमार्फत चालतं, आणि माझ्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नव्हता. 'लोड ड्रायव्हर' दाबून स्टोरेजचं फोल्डर दाखवलं आणि डिस्क समोर आली. इथे सेटअपची एक्झी (डबल क्लिक करून चालवायची फाइल) चालत नाही, ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी सुटी आयएनएफ फाइल लागते; माझ्या फोल्डरमध्ये ती होती.

विंडोज सुरू झालं तर वायफाय गायब. ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या लॅपटॉपचे सगळे भाग दाखवणाऱ्या यादीत, ड्रायव्हर नसलेल्या भागाच्या पिवळ्या खुणेवर राइट क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर' घेतलं, पेनड्राइव्हचं फोल्डर दाखवलं, सबफोल्डर्सची टिक ठेवली. विंडोजने बरोबर फाइल स्वतः शोधली. बाकीच्या पिवळ्या खुणाही अशाच गेल्या.

मॅन्युअलचं मोल सहाव्या महिन्यात कळलं, रॅम वाढवताना. खालचं झाकण काढायचे स्क्रू दोन लांबींचे आहेत आणि कुठला कुठे, हे त्यात चित्रासकट दिलंय. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, हेही ठळक अक्षरात. घडीच्या कागदावर यातलं अक्षरही नाही.

खटकलं ते एवढंच की हे फोल्डर आहे हे कंपनी कुठेच सांगत नाही. पहिल्यांदा लॅपटॉप सुरू होतो तेव्हा एक ओळ दाखवायला काय हरकत होती? शिवाय ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना निघाला, तो नंतर नेटवरून नवा घेतला.

ज्यांनी फोल्डर आधीच उडवलंय, पण विंडोज अजून तेच आहे, त्यांनाही वाट आहे. बसवलेल्या ड्रायव्हर्सची प्रत विंडोजच्या 'ड्रायव्हरस्टोअर'मध्ये असते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पीएनपीयूटिल या विंडोजमधल्याच कमांडच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्यायाने ते सगळे एका फोल्डरमध्ये काढता येतात. ते फोल्डर मात्र त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवू नका. डिस्क गेली तर दोन्ही जातील. माझी एक प्रत पेनड्राइव्हवर आहे, आणि दोन्ही पीडीएफ फोनमध्येही, कारण झाकण उघडल्यावर लॅपटॉपवर ती वाचता येत नाहीत.