रक्तपेढी रिव्ह्यू: पिशवीवरची तारीख दाखवणारी आमच्याकडची ब्लड बँक

भाचीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासूनच अंगात पुरेसं हिमोग्लोबिन बनत नाही, साधारण तीन आठवड्यांनी पॅक्ड सेल (रक्तातल्या वेगळ्या काढलेल्या लाल पेशी) चढवावे लागतात, त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आणि मुंबईतल्याही बऱ्याच ब्लड बँकांचे काउंटर बघून झालेत. सध्या जिथून रक्त घेतो तिथलं काम मनापासून आवडलंय म्हणून लिहितोय. नाव मुद्दाम टाकत नाही, जाहिरात करायची नाहीये, तुमच्या जवळच्या पेढीत नेमकं काय बघायचं ते कळावं एवढंच.

तर पहिली गोष्ट, पिशवी हातात द्यायच्या आधी लेबल दाखवतात. ग्रुप, रक्त काढल्याची तारीख, एक्स्पायरी, सगळं मोठ्याने वाचायचं मग सही. एसएजीएमवाली पिशवी (लाल पेशी टिकवायला वरून वेगळं द्रावण घातलेली) ४२ दिवस चालते, सीपीडीएवाली (रक्त काढतानाच पिशवीत असलेल्या द्रावणावर ठेवलेली) ३५, म्हणजे नियमाने चाळिसाव्या दिवसाचं रक्तही चालतं. पण थॅलेसेमियाच्या पोरांना एसएजीएमसारखं द्रावण घातलेलं रक्त शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं द्यावं अशी आंतरराष्ट्रीय थॅलेसेमिया फेडरेशनची शिफारस आहे, आणि इथल्या टेक्निशियन मॅडम ते आम्ही न सांगता पाळतात. पिशवी उभी धरून वरचा पातळ थर उजेडात बघतात, तो लालसर दिसला की समजायचं आत पेशी फुटायला लागल्यात, ती पिशवी सरळ बाजूला. हे करताना मी दुसरीकडे कुठे कोणाला बघितलं नाही.

फ्रीजमध्ये ठेवूनही रक्त जुनं का होतं असं मी त्यांना विचारलं होतं, तर कामं करता करता इतकं छान समजावलं. पेशीत हिमोग्लोबिन, त्यात लोह, आणि त्याला धरून ऑक्सिजन. अंगात असताना तेच तर पेशीचं काम, पण पिशवीत महिनाभर नुसतं पडून राहिलं की हाच ऑक्सिजन हळूहळू पेशीचं आवरण आणि आतली एन्झाइम्स खराब करायला लागतो. त्यात पिशवी पीव्हीसीची, तिच्यातून बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन आत झिरपत राहतो, म्हणजे आठवडे जातील तसा आतला ऑक्सिजन वाढतच जाणार. आणि मुळात प्रत्येक दात्याच्या शिरेतल्या रक्तात तो कमीजास्त असतो, त्यामुळे एकाच शिबिरातल्या, एकाच तारखेच्या दोन पिशव्यासुद्धा सारख्या टिकत नाहीत!

मग घरी येऊन वाचत बसलो. हेमानेक्स्ट वन नावाची सिस्टीम आहे, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) तिला सप्टेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. पांढऱ्या पेशी गाळून झाल्या की लाल पेशी एका खास पिशवीत घालून हलवत ठेवतात, त्यात ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही कमी होतात, मग साठवणीच्या पिशवीत भरतात, जिला बाहेरून ऑक्सिजन अडवणारं आवरण आणि उरलासुरला शोषून घेणारा पदार्थ असतो. मुदत तीच, ४२ दिवस, फक्त पेशी कमी बिघडतात. असं रक्त दिसायला अगदी कोकमाच्या आगळासारखं काळपट. ताईने लगेच विचारलं की ऑक्सिजन काढलेलं रक्त देऊन उपयोग काय रे, तर त्याचं उत्तर सोपं आहे, अंगात गेल्यावर पेशी फुप्फुसातून जाताना पहिल्याच फेरीत ऑक्सिजन भरून घेतात. उलट तो पुढे स्नायूंना, मेंदूला सोडायला २,३-डीपीजी नावाचा पदार्थ लागतो, तो साध्या पिशवीत दोनेक आठवड्यांत जवळपास संपतो आणि या पद्धतीत जास्त दिवस टिकतो.

आम्हाला हे एवढं महत्त्वाचं का ते सांगतो. एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्राम लोह अंगात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून तर लोह काढायची गोळी रोज चालू असते. एफडीएच्या निकषात मुदतीच्या शेवटी दिलेल्या पेशींपैकी सरासरी ७५ टक्के २४ तासांनी जिवंत असल्या की पिशवी पास. एखाद्या ऑपरेशनपुरतं ते ठीक आहे हो, पण जन्मभर रक्त लागणाऱ्या पोरीच्या अंगात एका दिवसात पाव पेशी मोडणार असतील तर लोह पूर्ण जमा आणि रक्ताचा फायदा तेवढा कमी. रक्त नीट साठवलं तर दोन ट्रान्सफ्युजनमधलं अंतर थोडं तरी वाढेल अशी आशा आहे. ती सिस्टीम आमच्या इथे नाही, पण तारीख बघून पिशवी देणं तर जमतं ना!

बाकीच्यांनी मात्र हे वाचून घाबरू नका. २०१६ च्या इन्फॉर्म ट्रायलमध्ये २० हजारांहून जास्त पेशंट होते, ताजं रक्त आणि जुनं रक्त यात हॉस्पिटलमधल्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. अपघात, बाळंतपण असल्या वेळी तारखेवरून वाद घालू नका, मिळेल ते घ्या.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि रक्ताला २ ते ६ डिग्री लागतात. इथे जनरेटर लगेच सुरू होतो, फ्रीजचा तापमानाचा तक्ता दारावर लावलेला असतो, कोणीही बघावा. पिशवी नेताना बॉक्समध्ये आइसपॅक देतात पण मध्ये जाड पुठ्ठा, कारण बर्फ थेट लागून रक्त गोठलं तर पेशी फुटतात. आणि प्रत्येक वेळी बजावतात, थंडाव्यातून काढल्यावर अर्ध्या तासात लावायला सुरुवात, चार तासांत संपवा.

कमी पडतं ते पण सांगतो. मे महिन्यात स्टॉक फार खाली जातो, कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, गावात जो तो आंब्याच्या पेट्यांत. ई-रक्तकोषवर (कुठल्या पेढीत किती रक्त आहे ते दाखवणारी सरकारी वेबसाइट) पिशव्या दिसतात आणि फोन केला की नाही म्हणतात, तो आकडा रोजच्या रोज बदलायलाच हवा. पांढऱ्या पेशी गाळायचा फिल्टर इथे मिळत नाही, आम्हीच बाहेरून आणतो. पैशांचं म्हणाल तर २०२४ पासून फक्त प्रोसेसिंग फी घेता येते, पॅक्ड सेलला जास्तीत जास्त १५५० रुपये, आणि इथे पावती न मागता मिळते. पाचपैकी साडेचार. सकाळी अकराच्या आत गेलात तर क्रॉसमॅच (पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ती तपासणी) दुपारच्या जेवणाआधी होऊन जातं, सॅम्पलच्या ट्यूबवर नाव आणि तारीख नीट लिहून न्या, नाहीतर परत पाठवतात आणि ते बरोबरच आहे.