गिरणगावातली आमची पालिकेची शाळा: ५ पैकी ३.५

लेक तिसरीत आहे. चाळीतल्या बायकांचं "मराठी शाळेत? तेही म्युन्शिपाल्टीच्या?" असं विचारून झालंय, म्हणून लिहिते.

तिसरीत पोरं ११. बाई प्रत्येकाची वही रोज बघतात. जूनमध्ये हातच्याची वजाबाकी आली की ही रडायची. बाईंनी आइस्क्रीमच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधायला दिले. ४२ मधून १७ काढायचे, तर एक गठ्ठा सोडायचा. आठवड्यात जमलं. आता भाजीवाल्याचे सुट्टे तीच मोजून घेते. वाचन मात्र अजून अडखळतं, जोडाक्षर आलं की गाडी थांबली.

फी नाही. गणवेश, दप्तर, बूट धरून २७ वस्तू फुकट. रेनकोट दोन साइज मोठा आला, पण माप मीच चुकीचं सांगितलं होतं.

खरं दुखणं पटाचं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवी ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक. आमचा पट ५२. म्हणजे तिसरी-चौथी-पाचवी एकाच खोलीत, आणि एक बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या की दुसऱ्या पाचही वर्ग सांभाळणार. त्या दिवशी अभ्यास म्हणजे चित्रकला आणि खिचडी!

मे महिन्यात, भर उन्हात, दोघी बाई पोरं शोधत चाळीचे जिने चढत होत्या. आमच्या मजल्यावरून दोन मिळाली. धाकट्याचं नाव मीही घालून टाकलंय. तिसऱ्या बाई आल्या की अर्धा तारा वाढवते.