सँडफर्डच्या राज्याभिषेक-ग्रंथाचे पुनर्मुद्रण: बांधणी पक्की, चित्रे अंधुक

इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या राज्याभिषेकावर फ्रान्सिस सँडफर्ड याने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथाचे पुनर्मुद्रण मी नुकतेच मागवले. मागणीनुसार प्रती छापून देणाऱ्या एका परदेशी प्रकाशकाचे हे काम असून टपालखर्चासह ते चार हजार रुपयांच्या घरात गेले. कागद जाड आहे, बांधणीही पक्की आहे; मात्र ज्या मुद्राचित्रांसाठी हा ग्रंथ घ्यायचा, त्यांचीच आबाळ झाली आहे.

२३ एप्रिल १६८५ रोजी लंडनमधील वेस्टमिन्स्टर हॉलपासून वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत, म्हणजे राज्याभिषेक जिथे होतो त्या चर्चपर्यंत, पायी गेलेली मिरवणूक तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या या चित्रांत रांगेमागून रांग उलगडत जाते, आणि आकृत्यांपाशी त्यांची नावे व हुद्दे दिलेले असतात. सँडफर्ड हा दरबारातील मानमरातब आणि वंशावळी यांची नोंद ठेवणारा अधिकारी होता; ग्रंथ राजाज्ञेने निघाल्याचे शीर्षकपृष्ठावरच छापलेले आहे. जेम्स कॅथलिक असल्यामुळे त्याला वारसाहक्कातून वगळण्याचा खटाटोप संसदेत १६७९ ते १६८१ या काळात झाला होता. त्याच राजाच्या सोहळ्यात उमराव आणि प्रॉटेस्टंट बिशप आपापल्या जागी हजर होते, हे नावानिशी नोंदवून ठेवण्यातच या चित्रांचे राजकारण आहे. जेम्सने या विधीतून अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत प्रॉटेस्टंट चर्चच्या) पद्धतीचा प्रभुभोजनाचा धर्मविधी गाळला होता आणि टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यापासून शहरातून निघणारी परंपरागत मिरवणूकही काढली नव्हती; चित्रांच्या थाटात या दोन्ही उणिवा सहज झाकल्या जातात.

पुनर्मुद्रणात नेमकी ती नावेच वाचता येत नाहीत. मूळच्या मोठ्या घडीच्या चित्रांचे दोन तुकडे करून ते समोरासमोरच्या पानांवर बसवले आहेत, त्यामुळे मधला भाग शिवणीत गडप झाला आहे. मेजवानीतील १,४४५ पदार्थांची यादी मात्र स्वच्छ छापली गेली आहे आणि ती वाचताना मजा येते, हे कबूल केले पाहिजे. केवळ मजकूर हवा असलेल्यांनी ही प्रत जरूर घ्यावी. चित्रांच्या अभ्यासकांना ग्रंथालयांनी इंटरनेटवर ठेवलेली छायाचित्रेच अधिक उपयोगी पडतील.

जेम्सच्या मस्तकी मुकुट ठेवणारे आर्चबिशप विल्यम सँक्रॉफ्ट यांनाच त्याने १६८८ मध्ये टॉवरमध्ये डांबले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला स्वतःला फ्रान्सला पळून जावे लागले. हे ठाऊक असल्याने ॲबीच्या अंतर्भागाच्या चित्रात मी सँक्रॉफ्ट यांना भिंग घेऊन शोधले, तर भिंगाखाली नुसते शाईचे ठिपके दिसले.