घरातला दुसरा स्टोरेज सर्व्हर, फक्त बॅकअपसाठी: काही महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या नॅसमध्ये (नेटवर्कवरून वापरायचा स्टोरेज सर्व्हर) चार डिस्क आहेत, त्यातली एखादी गेली तरी डेटा शाबूत राहतो, मग आणखी एक सर्व्हर कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. ही अनेक डिस्क जोडून वापरण्याची पद्धत, म्हणजे रेड, आपल्याला फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. चुकून पुसलेलं फोल्डर त्याच क्षणी सगळ्या डिस्कवरून पुसलं जातं. रॅन्समवेअरने फाइली एन्क्रिप्ट केल्या तर रेड त्या तशाच जपून ठेवतं. पॉवर सप्लाय जळताना सगळ्या डिस्क सोबत घेऊन गेला, घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तर प्रश्नच मिटला. माझ्या नॅसवर आईवडिलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत, कुटुंबाचे जुने स्कॅन केलेले फोटो आहेत. ते पुन्हा कुठूनही मिळणार नाहीत. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी आहे.

हार्डवेअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, ८ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), त्यावर झेडएफएस ही फाइल सिस्टिम. बॅकअपच्या मशीनला ताकदीचा प्रोसेसर लागत नाही, तिथे पैसे घालवू नका. डिस्क मात्र बघून घ्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या नकोत आणि दोन्ही सीएमआर हव्यात, एसएमआर नकोत. एसएमआर डिस्कवर डेटा लिहिण्याचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, सीएमआरवर ते वेगवेगळे असतात. त्यामुळे एक डिस्क बदलून मिरर पुन्हा भरायची वेळ आली की लिहिण्याचा वेग पार कोसळतो, आणि नेमक्या त्याच काळात आपला डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर असतो. ८ टीबीची डिस्क लावल्यावर जागा ७.२७ दिसली तर घाबरू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, सिस्टिम १०२४ च्या पटीत.

माझ्या मते या उभारणीतला सगळ्यात मोलाचा निर्णय म्हणजे बॅकअप कोण सुरू करतो, हा. बहुतेक ठिकाणी मुख्य नॅस आपला डेटा दुसऱ्याकडे ढकलतो. तसं केलं तर दुसऱ्या सर्व्हरची किल्ली पहिल्यावर ठेवावी लागते, आणि पहिला कुणाच्या हाती लागला की दुसराही गेला. माझ्याकडे उलट आहे. बॅकअप सर्व्हर स्वतः जागा होतो, एसएसएचने (सुरक्षित रिमोट लॉगिन) मुख्य नॅसवर जातो आणि नवे स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या-त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, ओढून घेतो. त्याच्या खात्याला तिथे फक्त पाठवण्याचा अधिकार दिलाय, पुसण्याचा नाही. मुख्य नॅसला दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिनच करता येत नाही. म्हणजे उद्या पहिल्याचा ताबा पूर्णपणे एखाद्या हल्लेखोराकडे गेला, तरी बॅकअपवरचे जुने स्नॅपशॉट पुसायला त्याला वाट नाही.

इथे एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवाच. डेटासेटची (झेडएफएसमधला डेटाचा स्वतंत्र विभाग) अख्खी साखळी एका फटक्यात पाठवणारा पर्याय आणि घेताना जबरदस्तीचा पर्याय हे दोन्ही एकत्र वापरले, तर मुख्य नॅसवर पुसलेले स्नॅपशॉट बॅकअपवरूनही पुसले जातात. अनेक तयार स्क्रिप्टमध्ये ही जोडी असते. मी ती टाळली आणि दोन्हीकडे किती जुने स्नॅपशॉट ठेवायचे याचे नियम वेगळे केले. मुख्य नॅसवर थोड्या आठवड्यांचे, बॅकअपवर रोजचे ३० आणि महिन्याचे १२. पुढचा फरक पाठवण्यासाठी दोन्हीकडे निदान एक सामाईक स्नॅपशॉट लागतो. तो मुख्य बाजूने गळाला तर सगळा डेटा पहिल्यापासून पाठवावा लागतो. म्हणून शेवटच्या पाठवलेल्या स्नॅपशॉटचा बुकमार्क, म्हणजे तो कुठवरचा होता याची नुसती खूण, ठेवलाय. त्याला जागा जवळजवळ लागत नाही आणि मूळ स्नॅपशॉट गेला तरी साखळी तुटत नाही.

पहिली प्रत घरच्या नेटवर्कवरच करून घेतली. गिगाबिट केबलवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे ४ टीबीला दहा तास. मग पेटी उचलून बहिणीच्या घरी ठेवली. दोन्ही प्रती एकाच छताखाली असतील तर आगीपासून संरक्षण शून्य, त्यामुळे ही पायरी मला अटळ वाटते. आता फक्त रोजचा फरक वायरगार्ड या व्हीपीएनमधून जातो. हेच सगळं पहिल्यापासून इंटरनेटवरून पाठवलं असतं तर २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट) अपलोडला एकेका टीबीसाठी साडेचार दिवसांहून जास्त लागले असते. ओढून घेण्याच्या पद्धतीचा इथे आणखी एक फायदा झाला. जोडणी तिकडूनच सुरू होते, त्यामुळे बहिणीच्या राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागलं नाही.

डेटा दुसऱ्याच्या घरी जातोय म्हटल्यावर एन्क्रिप्शन आलंच. झेडएफएसमध्ये एन्क्रिप्टेड डेटासेट आहे तसाच, न उघडता पाठवता येतो. बॅकअप सर्व्हरवर किल्ली नाही, तरी स्क्रब, म्हणजे साठवलेल्या डेटाची तपासणी, तिथे नीट चालतं. किल्ली मात्र नॅसच्या बाहेर, दोन वेगळ्या जागी कागदावर हवी. ती हरवली तर तुमच्या हातात उरतात निरुपयोगी डिस्क.

वीज? सतत चालू ठेवलं तर ३० वॉटच्या मशीनला वर्षाला २६० युनिटच्या आसपास लागतात. माझं मशीन रात्री बायोसच्या अलार्मने उठतं, काम उरकतं आणि बंद होतं, त्यामुळे बहिणीच्या बिलात फरक जाणवत नाही. आवाजही नाही. जिच्या घरात ते आहे तिला त्याचा त्रास होऊ नये, हे मला महत्त्वाचं वाटतं.

महिन्यातून एकदा स्क्रब होतं. तेव्हा प्रत्येक ब्लॉक वाचून त्याचा चेकसम (डेटा बदलला नाही हे ओळखण्याचा आकडा) पडताळला जातो आणि बिघडलेला ब्लॉक मिररमधल्या दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त होतो. मधल्या काळात एका डिस्कचा स्मार्टमधला (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी किंवा डेटा पाठवतानाच्या त्रुटी, वाढत गेला. डिस्कवरच्या बिघडलेल्या जागा मोजणारे रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे ५ आणि १९७, दोन्ही शून्यावर होते. असं दिसलं की संशय डिस्कवर नाही, साटा केबलवर घ्यायचा. केबल बदलली, वाढ थांबली. जुना आकडा तसाच राहतो, तो शून्य होत नाही, फक्त पुढे वाढतोय का एवढं बघायचं.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे: सगळं शांतपणे बंद पडू शकतं. बॅकअप अयशस्वी झाला तर ईमेल येतो, पण मशीन उठलंच नाही तर ईमेल पाठवणार कोण? म्हणून उलटी व्यवस्था केली. काम पूर्ण झालं की सर्व्हर बाहेरच्या एका निरीक्षण सेवेला खूण पाठवतो. दोन रात्री खूण आली नाही तर ती सेवा मला कळवते. बहिणीकडचा राउटर बदलला गेला तेव्हा मला याच मार्गाने समजलं. ही सोय तयार सॉफ्टवेअरमध्ये आपोआप सुरू असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

परत मिळवण्याची तालीम अधूनमधून करतो. एक फोल्डर निवडायचं, जुन्या स्नॅपशॉटमधून वेगळ्याच संगणकावर आणायचं, किल्ली कागदावरूनच टाईप करायची आणि फाइली उघडून बघायच्या. रेकॉर्डिंग ऐकून बघतो, नुसतं नाव दिसलं म्हणून समाधान मानत नाही. सगळ्या पायऱ्या लिहून बहिणीलाही दिल्यात, आणि एकदा तिच्याकडून एकटीने करून घेतल्या. तिला एकाच ठिकाणी अडलं: पूल (झेडएफएसचा डिस्कांचा संच) इम्पोर्ट केल्यावर किल्ली वेगळी भरावी लागते, हे लिहिलेलं स्पष्ट नव्हतं. ती ओळ आता ठळक केली आहे.

जागा सध्या साठ टक्के भरलीय. ऐंशीच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलंय, त्यामुळे व्हिडिओंचा जो साठा इंटरनेटवरून पुन्हा उतरवता येईल तो या बॅकअपमधून वगळणार आहे.