जँगो फॉर्म्स: पडताळणी चोख, ड्रॉपडाउन महागडा

इंदूरमधल्या एखाद्या मराठी मंडळाची गणेशोत्सव स्पर्धांची नोंदणी घ्या. एका शाळेची २० मुलं एकाच पानावर, प्रत्येक नावापुढे परिसराचा ड्रॉपडाउन: रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर वगैरे. अशा कामाला जँगो (पायथनमधली वेबसाइट बांधायची चौकट) मधले फॉर्म्स अगदी भरवशाचं साधन आहे. पान रखडलं की बोट पडताळणीकडे दाखवलं जातं, पण दोषी बहुतेक वेळा मॉडेलचॉइसफील्ड, म्हणजे डेटाबेसमधून पर्याय घेणारं ड्रॉपडाउनचं फील्ड, असतं.

पर्यायांची यादी ते प्रत्येक फॉर्मसाठी, म्हणजे इथे प्रत्येक मुलाच्या ओळीसाठी, डेटाबेसकडून नव्यानं मागतं. २० ओळी, २० क्वेरी (डेटाबेसला विचारणा). सबमिट केल्यावर निवड खरी आहे का हे तपासायला आणखी २०. त्यातच परिसराचं नाव दाखवणारी 'स्ट्र' मेथड दुसऱ्या टेबलमधलं प्रभागाचं नाव जोडत असेल आणि परिसर ४० असतील, तर नुसतं पान उघडायला ८०० जादा क्वेरी! प्रभाग त्याच क्वेरीत आणणारं सिलेक्ट रिलेटेड लावलं की या ८०० जातात, आधीच्या ४० उरतात.

त्या घालवायच्या तर व्ह्यूमध्ये (रिक्वेस्ट हाताळणारा कोड) यादी एकदाच वाचा, फॉर्मसेटच्या (एका पानावरच्या फॉर्म्सचा संच) फॉर्म क्वार्ग्ज या पॅरामीटरमधून पाठवा आणि फॉर्म तयार होताना चालणाऱ्या इनिट मेथडमध्ये टाइप्डचॉइसफील्डला, म्हणजे तयार यादी घेणाऱ्या फील्डला, द्या. मग निवडीची पडताळणीही मेमरीतच उरकते. सेव्ह करताना परिसराचा आयडी स्वतः भरावा लागतो. तेवढी मेहनत सार्थकी लागते. ही यादी फॉर्मच्या क्लासमध्ये थेट वाचू नका, नाहीतर नवा परिसर सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत दिसणार नाही.

सेव्हसाठी सगळ्या नोंदी एकदम घालणारं बल्क क्रिएट उत्तम, पण ते मॉडेलची सेव्ह मेथड आणि पोस्ट-सेव्ह सिग्नल (नोंद सेव्ह झाल्यावर मिळणारी सूचना) चालवत नाही. पोचपावतीचा ईमेल त्या सिग्नलवर असेल तर तो कुणालाच जाणार नाही. तसाही ईमेल रिक्वेस्टमध्ये पाठवूच नये, मागे कामं उरकणाऱ्या सेलरीकडे द्यावा.

मर्यादाही ध्यानात असू द्या. मूळ सेटिंगनुसार एका सबमिशनमध्ये १००० रकाने चालतात. २०० मुलं आणि प्रत्येकी ६ रकाने झाले की थेट ४०० एरर (चुकीची रिक्वेस्ट). २.५ एमबीपेक्षा मोठा फोटो जँगो तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवतो, पण जँगोच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तो मूळ सेटिंगनुसार १ एमबीच्या वरची रिक्वेस्ट ४१३ (आकार फार मोठा) एरर देऊन अडवतो. ती रिक्वेस्ट जँगोच्या लॉगमध्ये शोधून सापडत नाही.

निबंधस्पर्धेसारखा लांब मजकूर असेल तर फोटो नसला तरी फॉर्मचं एनकोडिंग (डेटा पाठवायची पद्धत) फाइलसाठी वापरतात ते मल्टिपार्टच ठेवा. साध्या एनकोडिंगमध्ये देवनागरीतल्या 'क'चे ९ बाइट जातात, मल्टिपार्टमध्ये ३.